काल तुम्ही स्वतः काय खाल्लंत?

मंगळवार, १४ तारीख

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार तुला आवडत नाही, म्हणून उभ्यानेच करते. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक. तीन महिन्यांत एक ओळ लिहिली नाही म्हणून तू फुगून बसली असशील. बस, पण पत्र पुरं वाचून मग.

नवं काम लागलंय. दवाखान्याकडून घरोघरी जायचं, गरोदर बायकांना आदल्या दिवशीचं खाणं विचारायचं आणि फॉर्म भरायचा. त्यावर दहा चौकोन असतात: धान्य, डाळी, दूध, अंडी, मासे, पालेभाजी, फळं वगैरे. जितक्या प्रकारचं पोटात गेलं तितक्या खुणा. पाचाहून कमी खुणांच्या बायका ज्या गल्लीत जास्त, तिथे रोज दूध आणि अंडं सुरू होणार. दुसऱ्यांच्या डब्यात डोकावायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. आता त्याचा पगार मिळतो.

माझी गल्ली कापड कारखान्यामागची. एकेका खोलीत सहा-सहा माणसं, आणि खुणा बघाव्यात तर सहा, सात! मला भारी नवल वाटायचं. एवढ्याशात या बायका हे जमवतात तरी कसं? कोण कशात काय घालतं ते मी कौतुकाने वहीत उतरवून घ्यायचे. असे चाळीस फॉर्म झाले.

मग गुरुवारी एका गवंड्याच्या बायकोकडे गेले. सातवा महिना, तरी भांडी घासत होती. डाळ, पालेभाजी, अंडी, पेरू, धडाधड सांगून मोकळी. मी सहज विचारलं, "पेरू गोड होता का?"

"मला काय ठाऊक? मी कुठे खाल्ला?"

"अहो, आत्ता तर सांगितलंत!"

"तुम्ही विचारलंत जेवायला काय काय होतं. होतं ते सांगितलं. मी सगळ्यांच्या मागून बसते ना. काल भात उरला होता, आणि डाळीचं पाणी."

ती हसत होती. माझं मात्र धाबं दणाणलं.

ताई, चूक माझीच. छापलेला प्रश्न लांबलचक आहे: काल उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही स्वतः काय काय खाल्लंत? वेळ वाचवायला मी शहाणीने तो छाटला, "काल जेवायला काय होतं?" बायकांनी रांधलेलं सांगितलं, मी खाल्लेलं म्हणून लिहिलं. माझ्या फॉर्मवरून गल्ली तृप्त. म्हणजे दूध-अंडी दुसरीकडे जाणार, आणि ही डाळीच्या पाण्यावर राहणार.

दोन दिवस गप्प बसले. खरं बोलले तर काम जाईल, आणि आत्ता ते जाणं मला परवडणारं नव्हतं. शनिवारी गठ्ठा दवाखान्यातल्या आमच्या मोठ्या बाईंपुढे ठेवला आणि सगळं ओकून टाकलं.

बाईंनी एक कोरा फॉर्म काढला. "बस. छापलेला प्रश्न मी तुला विचारते."

मी सांगू लागले. चहा-पाव, डाळ-भात, वांगं, मासा...

"मासा तुझ्या ताटात होता?"

मासा ह्यांच्या डब्यात दिला होता. दूध सासूबाईंना. बाईंनी खुणा केल्या. तीन भरल्या. मग वरच्या रकान्यावर पेन टेकवून म्हणाल्या, "आणि महिना कितवा?"

पाचवा, ताई. मागच्या खेपेला तुला दुसऱ्याच महिन्यात कळवलं. तू झबली शिवलीस आणि ती परत तुझ्या हातात द्यायची वेळ माझ्यावर आली. म्हणून या खेपेला तोंडाला कुलूप लावलं. तुझ्यापासून लपवलं याचं फार वाईट वाटतं. भीती तर अजूनही वाटते.

काम गेलं नाही. आठ दिवसांत चाळीसही घरं पुन्हा करायची आहेत. काल नऊ झाली, त्यांतल्या आठ जणी पाचाच्या खाली. गवंड्याची बायको म्हणाली, "परत तेच?" मी म्हटलं, "नाही हो, या वेळी फक्त तुमचं."

एक विचारू? आपल्या वेळी आई काय खात असेल गं? तिने काय काय रांधलं ते मला वारावारासकट आठवतं. तिचं ताट मात्र एकदाही डोळ्यांपुढे येत नाही. तू मोठी आहेस. तू पाहिलंयस का कधी? आठवत असेल तर लिही, नसेल तरी लिही.

पाचव्या महिन्यातली,
तुझी धाकटी