बैल तेवढा परत आला

प्रिय शीतल,

नांदेडला बदली झाली, कमलआजीलाही सोबत नेलंस, आणि हे मला प्रेमदासकडून कळावं? एका बाकावर दहा वर्षं बसल्याचं हेच फळ म्हणायचं. बरं, तो राग भेटल्यावर काढीन. आधी आपल्या इतिहास मंडळाचं सांगते. उभं केलं दोघींनी, तू गेलीस नोकरीच्या मागे आणि निस्तरायला राहिले मी.

मंडळ अजून वारंगा फाट्यावर प्रेमदासच्या टायरच्या दुकानातच भरतं. बाहेर ट्रकचे हॉर्न, आत देविदास सर अध्यक्ष म्हणून घसा ताणतात. नियमही तेच आहेत, तूच आखलेले. एका घरचं सांगणं म्हणजे इतिहास नव्हे, दुसऱ्या घरातून कुणी तरी तेच सांगायला हवं. पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आणि छापण्याआधी सांगणाऱ्याच्या दारात बसून त्याला सगळं वाचून दाखवायचं, तो म्हणेल ते खोडायचं. परवा सोनाजीकाकांना त्यांचं वाचून दाखवलं. सगळं बराबर आहे म्हणाले, फक्त मेहुण्याची दारू तेवढी काढा, तो अजून जिवंत आहे. काढली. प्रेमदास येताना सबंध रस्ता हळहळत होता, कारण पुस्तकात हसण्यासारखं तेवढंच होतं.

आता मूळ दुखणं. आमच्या तांड्याला कमान होतेय. बाने फारच मनावर घेतलंय. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, उद्घाटन. आणि कमानीवर नाव त्याच्या आजोबांचं, शंकरसिंगांचं. ती गोष्ट तुला माझ्याइतकीच पाठ आहे. रझाकारांच्या दिवसांत पैनगंगेपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पवरून तुरीच्या पोत्यांत लपवलेली काडतुसं त्यांनी बैलावर लादून अलीकडे आणली. यावर मी शाळेत भाषण ठोकून बक्षीस घेतलंय. कमानीला आधार म्हणून बाला हेच पान मंडळाच्या पुस्तकात हवं होतं. मलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू.

पान लिहायचं म्हणून बेबीआजीकडे गेले. बाची आत्या, शंकरसिंगांची लेक. त्या पिढीतली ती एकटीच उरलीय. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. ती सांगायला लागली आणि माझ्या हातातला पेन थांबला. शंकरसिंग बैल घेऊन नदीपर्यंत गेले खरे, पण काठावर त्यांचे हातपाय गळाले. पलीकडे गेलेच नाहीत. सोबत शेजारच्या गावचा एक माणूस होता. त्याने त्यांच्या हातातून दोर घेतला आणि बैलाला घेऊन तो पाण्यात उतरला. दोन दिवसांनी बैल पाठीवरच्या भरल्या पोत्यांसकट ओळखीच्या वाटेने तांड्यावर आला, एकटाच. बैल शंकरसिंगांचा, म्हणून पराक्रमही त्यांचा ठरला. ते कधी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आजी गोरमाटीत बोलली, तुझ्यासाठी आपल्या बोलीत लिहिते: "बैल तेवढा परत आला, बाई. माणूस न्हाई आला."

बाने हे ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती पोटच्या पोरीने उघडावी का, म्हणाला. म्हातारीला काही आठवत नाही, म्हणाला. आजीला कालची भाजी आठवत नाही हे खरंय, पण तो बैल कोणत्या शिंगाने मारका होता ते ती अजून सांगते. देविदास सरांनी मधला मार्ग काढला, की 'असे सांगितले जाते' एवढं जोडून पान जाऊ द्यावं. मला संताप आला. सोनाजीकाकांच्या गावची अशीच एक शौर्यकथा एकाच घरची म्हणून आपण गाळली, तेव्हा नियम कडक होता. तो काय फक्त दुसऱ्यांच्या आजोबांसाठी? एवढं बोलले आणि घरचा मामला म्हणून निर्णयाच्या वेळी उठून समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मागे बाकीच्यांनी पान गाळलं. चहा तसाच ठेवून उठले, पण बरं वाटलं.

मग रिवाजाप्रमाणे बेबीआजीला तिचं सांगणं वाचून दाखवलं. तिचा बाप आहे, हवं तर खोडू, असं मी तिला दोनदा म्हणाले. तिने पदराचं टोक कमरेला खोचलं. मग म्हणाली, "माह्या बापाला भेव वाटलं. वाटू दे, भेव सगळ्यायलेच वाटते. पण दुसऱ्याचं जाणं आपल्या नावावर काहून लिवायचं?" एक अक्षर खोडू दिलं नाही तिने.

बा आता माझ्याशी बोलत नाही. मी समोर बसलेली असते आणि तो याडीला सांगतो की तुझ्या लेकीला जेवायला बोलव. जीव तुटतो गं. पण मी मागे हटणार नाही. कमान त्यांनी बांधावी, नाव हवं ते घालावं. मंडळाच्या पुस्तकाचा आधार त्याला मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र अर्धीच राहिलीय. दोर घेऊन पाण्यात उतरलेला तो माणूस कोण, हे बेबीआजीने नावानिशी सांगितलंय. ते मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. एका घरचं सांगणं आहे ते, आणि दुसऱ्या घरात सांगू शकेल असं एकच माणूस आता हयात आहे.

फोन केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि कमलआजी शेजारीच बसलेली असते. तिच्या वडिलांचं, जळबांचं, नाव निघालं की ती उठून झाडू हातात घेते, हे मी लहानपणापासून पाहिलंय. बायको-लेकरू टाकून पळाला, असं गाव जन्मभर तिच्या तोंडावर म्हणत आलं. नववीत त्यावरूनच तू एका पोरीच्या झिंज्या धरल्या होत्यास आणि तिचे हात मी. तुला आता अंदाज आला असेल. तो पोटातच ठेव. आजीला काही सांगू नकोस, सुचवू नकोस. तुझा एक शब्द तिच्या कानावर गेला तर तिचं सांगणं तिचं राहणार नाही आणि आपल्याला ते कधीच छापता येणार नाही. रविवारी मी आणि प्रेमदास येतोय. वडील घरातून शेवटचे गेले तो दिवस तिला आठवतो का, एवढंच विचारीन. नाही म्हणाली तर चहा पिऊन परत फिरू आणि त्या माणसाची जागा पुस्तकात कोरी ठेवू. पण ती बसायला तयार व्हावी, म्हणून तुला लिहितेय. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. तिला एवढंच सांग, की तिच्या वडिलांबद्दल आजवर सगळं गाव बोललं, आता तिचं ऐकायला कुणी तरी येतंय.

तुझीच, आणि तुझ्याच नियमांत अडकलेली,
दिपा