चूल पेटली नाही तो दिवस

बाई, तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून आज लिहायला बसले. मी आता तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे. उत्तरेतल्या एका शहरात एकटी राहते आणि हिंदीत कथा-कादंबऱ्या लिहिते. पुस्तकं निघतात, अधूनमधून शाल-श्रीफळ मिळतं. मराठी असून हिंदीत का, असं कोणीतरी विचारतंच, आणि मी दोन भाषांच्या नात्याबद्दल काहीतरी बरं बोलते. घरी येऊन कुलूप उघडते तेव्हा दिवसभरात एकही मराठी शब्द तोंडातून गेलेला नसतो.

नववीत हिंदीच्या तासाला तुम्ही आम्हाला ‘मेरी माँ’ हा निबंध घातला होता. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी लिहिलं की त्या दिवशी आकाश रडलं, झाडं रडली, सारं वडपे गाव रडलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मला तुमच्या खोलीवर घेऊन गेलात. खाली कापडाच्या मागांचा कारखाना, वर तुमची एक खोली. लूम चालू असले की फळीवरची झाकणं सारखी किणकिणत. तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवला आहे, पाठमोऱ्या बसून दुधी चिरताय, आणि मागे न बघताच विचारताय, “उस दिन तुम्हारे घर खाना किसने बनाया था?”

मला तुमचा संताप आला. शाळेत कुजबुज होती की तुम्ही सासर सोडून इतक्या लांब नोकरीला आला आहात. मला वाटलं, हिला कोणी नाही, हिला काय कळणार आई जाणं म्हणजे काय. चहा तसाच टाकून मी निघाले. तुम्ही अडवलं नाहीत. पण वडप्याच्या एसटीत बसल्यावर तो प्रश्न काही सुटेना. त्या दिवशी आमची चूल पेटलीच नव्हती. आईला पोचवून माणसं परतली तेव्हा शेजारच्या काकूनं फडक्याखाली झाकून पिठलं-भाकरी आणली. सगळ्यांनी घास चिवडल्यासारखं केलं, माझ्या वडिलांनी, आबांनी तर ताट बाजूला सारलं. मी मात्र भाताच्या कणगीच्या आड बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. काकू माझ्याकडे बघत राहिली. तिचं ते बघणं मी वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं.

घरी येऊन लिहायला बसले तर मराठीत ते उतरेना. ‘मला भूक लागली’ हे वाक्य मी जन्मभर आईलाच म्हणत आले होते. तिच्याशिवाय ते कोणाला म्हणायचं? हिंदीत ते सहज आलं, जणू दुसऱ्याच कुणा मुलीचं असावं तसं. शिवाय आमच्या घरात हिंदी वाचणारं कोणी नव्हतं. पुढच्या शनिवारी मी ते कागद घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही ते सावकाश वाचलेत, एक-दोन शब्द खोडलेत आणि म्हणालात, “अब यह निबंध नहीं है। कहानी है।” मग खिचडीचं पातेलं माझ्याकडे सरकवलंत. मी पोटभर जेवले.

ती गोष्ट तुम्हीच एका हिंदी मासिकाला पाठवलीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत भावाकडे गेलात. शाळा उघडली त्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी सांगितलं की तिकडेच कावीळ होऊन तुम्ही गेलात. सगळे एक मिनिट उभे राहिले आणि वर्ग सुरू झाले. तुमच्यासाठी रडावं तर कोणाजवळ, हेच मला कळेना. दुपारी मी तुमच्या खोलीपर्यंत जाऊन आले. तिथे दुसरं कुटुंब राहायला आलं होतं.

मासिक आलं श्रावणात. पोस्टमननं ते आबांच्या हाती दिलं. आबांना सहीपुरतंच लिहिता यायचं, पण आपल्या पोरीचं काहीतरी छापून आलंय एवढं त्यांनी पोस्टमनकडून समजून घेतलं, आणि मला न विचारता डब्याच्या पिशवीत घालून ते लूमच्या कारखान्यात ड्युटीवर नेलं. शेजारच्या लूमवर बनारसकडचा एक कारागीर होता. चहाच्या सुट्टीत आबांनी त्याच्याकडून अख्खी गोष्ट वाचून घेतली.

त्या दुपारी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. आबा आले, सदरा काढून खुंटीला लावला आणि माझ्याजवळ बसले. भय्यानं वाचून दाखवलं, सगळं समजलं, म्हणाले. माझी मान वर होईना. मग ते म्हणाले, “मना बी लय भूक लागलेली त्या दिशी. तू जेवलीस ता बरा केलास.”

एवढं बोलून ते पाय धुवायला गेले. आम्ही दोघं त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. आता तेही नाहीत.

बाई, आईवर, त्या कणगीवर, काकूवर मी किती लिहिलं. आबांवर मात्र एक ओळ जमलेली नाही. त्यांचं ते वाक्य हिंदीत घालून पाहते, तर दुसराच कुणी बाप बोलू लागतो. व्याकरण ठीक असतं, पण तो आमच्या ओट्यावर बसलेला नसतो. तुम्ही ते कागद एका नजरेत परत केले असते. म्हणून हे मराठीत लिहिलं. तुम्हाला मराठी जेमतेमच समजायची आणि हे धाडायला पत्ताही नाही. तरी लिहीत होते तोवर समोर कोणीतरी बसलेलं होतं, आणि ते उठून जाऊ नये म्हणून मी मुद्दाम सावकाश लिहिलं, एवढं कबूल करते.