लेन बंद करायची नाही

बाबा, आज मी त्या फ्लायओव्हरवर पुन्हा गेले होते. अल थुमामाच्या अलीकडचा, तोच. वर्ल्ड कपला वर्ष उरलंय आणि दोह्यातल्या प्रत्येक पुलाची, बोगद्याची, दिव्याच्या खांबाची नव्यानं नोंद चाललीय. कधी बांधला, काय झिजलं, कधी दुरुस्त केला. पुलांचं काम माझ्याकडे आहे. लग्नानंतर मी इथे परत आले, पण तुमच्या कंपनीत नाही, दुसऱ्या. यादीत तो पूल आला तेव्हा मी तो दुसऱ्या कुणाला देऊ शकले असते, पण नाही दिला. वर जाऊन पाहिलं, फोटो काढले, ‘स्थिती चांगली’ असं भरलं आणि गाडीत येऊन बसले. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोललेले नाही. आज बोलणार आहे आणि चांगलं बोलणार नाही.

तुम्ही गेलात तेव्हा इथल्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली होती. आईनं तिचं रेकॉर्डिंग मला पाठवलं. एकामागून एक माणूस उठतोय आणि सांगतोय की दोह्याच्या रस्त्यांवरून आपण बिनधास्त गाडी चालवतो ती यांच्यामुळे. शिस्त, सचोटी, एक दिवस रजा नाही. एकानं तर देवमाणूस म्हटलं. मी नाशिकला आत्याच्या घरी खाटेवर बसून ते ऐकलं आणि फोन बंद केला. आई समजली मी रडतेय. मी रडत नव्हते.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो तुम्ही चांगलं शिकवलंत याचा. मी इंजिनिअर होऊन आले, तुमच्याच हाताखाली पुलांची तपासणीस म्हणून लागले, तेव्हा पहिले सहा महिने दर शुक्रवारी सकाळी तुम्ही मला सुट्टीच्या दिवशी घेऊन निघायचात. मदिनत खलीफातल्या आपल्या घरून गाडी काढायची, कुठल्या तरी पुलाखाली सावलीत उभी करायची आणि हातोडी माझ्या हातात द्यायची. “ठोक. काय ऐकू येतं?” मी म्हणायचे, काही नाही. “परत ठोक.” तासभर. शेवटी मला भरीव काँक्रीटचा आणि पोकळ झालेल्या काँक्रीटचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. तेव्हा तुम्ही म्हणालात, “कागद खोटं बोलतो, पूल बोलत नाही.” मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. किती मूर्ख होते मी. कागदाला कोण खोटं बोलायला लावतं, हे विचारलंच नाही.

ऑफिसात तुम्ही मला ‘मॅडम’ म्हणायचात आणि हिंदीत बोलायचात, सगळ्यांसारखंच. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी उशिरा आले तर सगळ्यांसमोर झापायचात. एकदा एक आकडा चुकला तर रिपोर्ट जमिनीवर टाकलात आणि उचलायला लावलात, आणि तेही मला बरोबरच वाटलं. मुलगी म्हणून सवलत नको, हे मीच घरी सांगितलं होतं.

मग तो उन्हाळा आला. वर्ल्ड कपचं यजमानपद मिळाल्याला काही महिने झाले होते आणि सगळं शहर पाहुण्यांसाठी झाडून ठेवल्यासारखं होतं. आमच्या दुरुस्तीच्या गँगमध्ये करीमनगरचा तो गवंडी होता, पन्नाशीचा, माझ्या जन्माच्या आधीपासून आखातात राबणारा. फ्लायओव्हरवर दोन भागांमध्ये उन्हानं काँक्रीट फुगेल म्हणून फट सोडलेली असते, तिच्यावर पोलादी पट्टी बोल्टनं बसवतात. त्या पट्टीवरून गाडी गेली की तो कान तिरका करायचा. त्या दिवशी म्हणाला, “मॅडम, ये प्लेट बात कर रहा है.” मीही ऐकलं. टक-टक, दोनदा. खाली वाकून पाहिलं तर चार बोल्ट सैल आणि दोन जागेवरच नाहीत. मी रेटिंग पाच दिलं. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे आजच्या आज. शेरा लिहिला, लेन ताबडतोब बंद करावी. हातानं लिहिलेला तो रिपोर्ट त्याच दुपारी तुमच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आईसोबत होते. ती पोळ्या लाटत होती, मी भाजत होते. तुम्ही आत आलात, फ्रीजवर टाइप केलेला रिपोर्ट ठेवलात आणि म्हणालात, “सही कर. शेवटचं पान नीट प्रिंट झालं नव्हतं, परत काढलं.” माझे हात पिठाचे होते. मी ओढणीला पुसले. वरची पानं मी पाहिली नाहीत. बापानं आणलेला कागद कोण वाचतं? तव्यावरची पोळी करपली म्हणून आई मला ओरडली, तुम्ही हसलात आणि कागद घेऊन गेलात. तुमचं ते हसणं मला आजही दिसतं.

पुढच्या आठवड्यात कुठलंसं शिष्टमंडळ त्या रस्त्यानं स्टेडियमची जागा बघायला जाणार होतं. तुम्ही गँगला सकाळी नऊला पाठवलंत. मी तुम्हाला फोन केला, लेन बंद करायची परवानगी आली का? तुम्ही म्हणालात, “लेन बंद करायची नाही. दहा मिनिटांचं काम आहे. ट्रॅफिक कोन लाव, झेंडेवाला उभा कर आणि बोल्ट आवळून घे. यल्ला, लवकर.” मी म्हटलं, साहेब, वाहतूक चालू असताना? तुम्ही फोन ठेवला होता.

मी पुलाखाली होते, दुसऱ्या बाजूचं बघायला. वर जोरात ब्रेक लागल्याचा आवाज, मग धडक, मग काहीच नाही. धावत वर गेले. एका पिकअपच्या चाकाखाली पट्टीचं टोक उचललं गेलं होतं, गाडी फिरली आणि तिनं त्या गवंड्याला कठड्याशी चिरडलं होतं. गुडघ्याखाली पाय राहिला नव्हता म्हटलं तरी चालेल. मी माझ्या जॅकेटचा पट्टा काढून मांडीला आवळला. डांबर इतकं तापलं होतं की माझे गुडघे भाजले. तो ओरडला नाही. “मॅडम, हेल्मेट किधर गया मेरा?” एवढंच विचारत राहिला. त्याला वाटत होतं हेल्मेट हरवलं तर बोलणी बसतील.

दुसऱ्याच दिवशी ती लेन बंद झाली, बाबा. पूर्ण चार दिवस. कुणाचं काही अडलं नाही. शिष्टमंडळ दुसऱ्या रस्त्यानं गेलं.

चौकशीला पाच जण होतो. सेफ्टीवाला, क्लायंटचे दोघं, तुम्ही आणि मी. तुम्ही फाइल उघडलीत आणि शांतपणे इंग्लिशमध्ये सांगितलंत की तपासणीसाच्या रिपोर्टप्रमाणे रेटिंग दोन होतं, तातडीचा दोष नोंदलेला नाही, आणि जखमी कामगार कोनांच्या बाहेर उभा होता. फाइल माझ्याकडे सरकवली. वरच्या पानावर दोन. खाली माझी सही. क्लायंटच्या माणसानं विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? मी म्हटलं, नो सर.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, “रेटिंग कुणी बदललं?” आई वाढता वाढता थांबली. धाकट्या भावानं कानातले इअरफोन काढले. तुम्ही वरण-भात कालवत म्हणालात, “तुम्ही तिघंही माझ्या व्हिसावर इथे आहात. माझी नोकरी गेली तर घर जातं, याची बारावी जाते. तुझी गेली तर तुझी एकटीची जाते. हिशोब सोपा आहे.” मी म्हटलं, आणि त्याचा पाय? तुम्ही म्हणालात, “जेव.” धाकटा म्हणाला, “व्हॉट हॅपन्ड?” आईनं त्याच्या ताटात भात वाढला.

तुमचं गणित चुकलं नव्हतं, हे मला कळतं. इथे सगळ्यांची घरं अशीच एका सहीवर उभी असतात. पण एक पाय त्या गणितात तुम्ही कुठेच धरला नाहीत. महिन्याच्या आत माझा राजीनामा घेतलात, विमानतळावर सोडायला आलात आणि वाटेत तो फ्लायओव्हर लागू नये म्हणून लांबचा रस्ता घेतलात. मला कळलं होतं. दोन वर्षांनी तुम्ही ऑफिसातच खुर्चीत गेलात. मी नाशिकहून आले नाही, पासपोर्ट रिन्यूअलला गेलाय असं आईला सांगितलं. पासपोर्ट कपाटात होता.

त्या गवंड्याला मी एकदाच फोन केला, तुम्ही गेल्यानंतर. त्याची सून फोन घेऊन त्याच्याकडे गेली. आवाज ओळखला त्यानं. साहेब गेले, असं मी सांगितलं. मला वाटलं आता शिवी देईल, आणि मी ती तुमच्यासाठी घ्यायला तयार होते. तो म्हणाला, “वो प्लेट ठीक से बैठ गया क्या, मॅडम?” मी म्हटलं, हो, बसलं. “फिर ठीक है.” मग सुनेनं फोन घेतला आणि सांगितलं की कंपनीच्या कागदात त्याचीच चूक लिहिली आहे, तेवढं बदलता येईल का? गावात लोक विचारतात. मी बघते म्हणाले. मी बघितलं नाही.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. आईला तर नाहीच. ती अजून तुमच्या फोटोला रोज फूल घालते. पण तुम्हालाच एक सांगायचं राहिलंय, ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सगळ्यांना मी सांगते की तुम्ही माझं तोंड बंद केलंत. चौकशीच्या दिवशी माझ्या पिशवीत मी हातानं लिहिलेल्या मूळ रिपोर्टची झेरॉक्स होती. रेटिंग पाच, तारीख, तुमच्या ऑफिसचा पोच शिक्का. आदल्या दिवशी मीच आठवणीनं ठेवली होती. क्लायंटच्या माणसानं विचारलं तेव्हा माझा हात पिशवीच्या चेनवर होता. मी ती उघडली नाही. घरासाठी नाही, व्हिसासाठी नाही, तुमच्या भीतीनंही नाही. मला वाटलं, बाहेर गेल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवाल, शाब्बास म्हणाल. एका माणसाच्या पायाच्या बदल्यात मला तेवढंच हवं होतं. आपण बाहेर आलो. तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात, “चल, गाडी उन्हात आहे.”