चमत्कार काढलेली गोष्ट

आई, तुला लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. आधी वाटायचं आपल्याला लिहिता कुठे येतं, मग वाटायचं लिहून ठेवणार कुठे, आणि मधली काही वर्षं तर मी एका जागी दोन महिनेसुद्धा टिकलो नाही. ही सगळी सांगायची कारणं झाली. खरं कारण वेगळंच आहे, तिकडे येतो. परवा मी एक फॉरेनचा पिक्चर बघितला, परीकथेवर काढलेला, आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. वाकोल्याच्या खोलीत जमिनीवर बसून लिहितोय. कागद त्याच महोत्सवातले आहेत, वेळापत्रकं उरली होती, मागची बाजू कोरी होती म्हणून उचलली. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. विहारातल्या बायकांच्या वर्गात तू वाचायला शिकलीस तेव्हा मी पाचवीत होतो, आणि माझंच पुस्तक घेऊन तू ओट्यापाशी बसायचीस. बारीक अक्षर आलं की म्हणायचीस, ही मुंग्यांची लाईन मला नको, तू वाच.

तुझ्या गोष्टी आठवतात. कंपनीच्या कॅन्टीनमधून दिवसभर ताटं घासून तू विक्रोळीच्या त्या खोलीत यायचीस, पुन्हा परातीपुढे बसायचीस, आणि मी बाजूला बसून गोष्ट मागायचो. शाळेत बाईंनी सांगितलेली गोष्ट मी तुला सांगायचो आणि तू ती दुरुस्त करायचीस. राक्षस म्हणजे गावचा पाटील. परीने राजकन्येला महाल दिला, हे खोटं. राजकन्या नर्सिंगला लागली आणि तिला क्वार्टर मिळालं. मेलेला राजा उठून बसला म्हटलं की तू हातातली भाकरी तशीच धरून माझ्याकडे बघायचीस आणि म्हणायचीस, मेला नसंल, चक्कर आली असंल. एकदा मी चिडलो. वर्गात सगळ्यांच्या गोष्टीत जादू असते, आपल्याच का नाही, असं काहीतरी बोललो. तू पीठ झटकलंस. "आपल्यात चमत्कार नसतो रे. जे झालं ते कुणीतरी केलं म्हणून झालं." मग भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, फुडं सांग. मला तेव्हा ते वाक्य नुसतं कंटाळवाणं वाटलं होतं.

तर पिक्चर. मी सध्या मंडप-बॅनरवाल्याकडे जातो, बोलावलं तर. मुलुंडला एका हॉलमध्ये परदेशी पिक्चरचा छोटा महोत्सव होता. आम्ही आदल्या दिवशी बॅनर लावले, खुर्च्या मांडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पडेल ते काम करायला मी थांबलो. तिथे चहाबरोबर इतकी पातळ सँडविचेस ठेवली होती की त्यातून पलीकडचा माणूस दिसला असता. असो. सकाळी अकराच्या खेळाला माणसं कमी, म्हणून मॅनेजर म्हणाला, तू पण बस, हॉल भरलेला दिसू दे. बसलो. शेजारी एक म्हातारी बाई, मालवणकडची. तिची नात महोत्सवाच्या कामात होती. नातीने हिला आणून बसवलं आणि आपण गायब. पिक्चर सुरू झाला तशी तिने मला कोपर मारलं. चष्मा घरी राहिला होता तिचा. खाली लिहिलेलं येतंय ते वाचून सांग म्हणाली. आता खाली सगळं इंग्रजी, आणि माझं इंग्रजी म्हणजे दुकानाच्या पाट्या. अर्धं वाचेपर्यंत ओळ पळायची. पण नाही कसं म्हणू?

डोंगरातलं गाव, सगळीकडे बर्फ. एका लहान मुलाची आई मरते. मरायच्या आधी ती चुलीत फुंकर घालते आणि तिचा आवाज त्या विस्तवात राहतो. मग पोरगा एकटा पडला की चूल बोलते, रस्ता सांगते, लांडगा कुठून येईल ते सांगते. मी बाईला हळू आवाजात सांगत होतो आणि काय झालं माहितीय, मी तुझ्यासारखंच सांगायला लागलो. ठरवून नाही. तोंडातून आपोआप निघत होतं. म्हटलं, आजी, ही शेजारीण बोलतेय, बाहेरून. थोड्या वेळाने म्हटलं, त्याला रस्ता आधीपासूनच माहीत होता. बाईने दोन-तीनदा ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मेल्या, आग बोलता ती माका दिसता. तू काय माका खुळी समजतंस?" पुढच्या रांगेतले दोघं हसले. मीही हसलो. खूप दिवसांनी हसलो असेन, आणि हसता हसताच थांबलो. कारण चूल काढली, आवाज काढला, फुंकर काढली, तर त्या पिक्चरमध्ये उरत काय होतं? एक मेलेली बाई आणि एक पोरगा. बस. तू आयुष्यभर मला दिलेल्या गोष्टी अशाच होत्या आणि त्यातलं जे उरतं ते किती थंड असतं, हे तू कधी सांगितलं नाहीस.

शेवटाकडे तो पोरगा मोठा होऊन गावी परत येतो. एकच लाकूड उरलंय. ते जळेपर्यंत आई बोलणार, मग कायमची गप्प. आणि तो गाढव काय बोलत बसतो? बकऱ्या किती झाल्या, छप्पर कुठे गळतं, शेजाऱ्याचा कुत्रा कसा मेला. लाकूड जळतंय आणि हा कुत्र्याचं सांगतोय. मला त्याचा इतका राग आला की मी खुर्चीचा दांडा धरून बसलो.

आता ते सांगतो. इतकी पानं मीही कुत्र्याचंच सांगतोय. तुझ्या गाठीचा रिपोर्ट आणायला मला पाठवलं होतंत. पप्पा कामाच्या पाळीवर होते, तू कॅन्टीनमध्ये. मी हॉस्पिटलच्या खिडकीवर चिठ्ठी दिली, रिपोर्ट मिळाला, त्याच दिवशी मिळाला, आई. पाकीट बॅगेत टाकलं आणि बाहेर पडलो तर दोस्ताचा फोन. बोरिवलीला एका लग्नाच्या डेकोरेशनचं काम होतं, दोन दिवसांचं. तिथून कुणीतरी नाशिकला चल म्हटलं. गेलो. पप्पांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अजून आला नाही, उद्या या म्हणतात. पहिल्या दिवशी ते एवढंसं खोटं होतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पहिलं सांभाळायला पुन्हा तेच बोललो. सतरा दिवस ते पाकीट माझ्या बॅगेत, ओल्या बनियनबरोबर. मग आणलं आणि म्हटलं, आज दिला. डॉक्टरांनी उशीर का विचारलं, पप्पा म्हणाले तुमच्याच माणसांनी केला. डॉक्टरांनी कागदावरची तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. पसरलंय म्हणाले. आधी कळलं असतं तर, असं पप्पांनी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. तेवढंच. त्या तीन शब्दांवर मी नऊ वर्षं काढली. कधी ते मला सोडवतात, कधी नाही, हल्ली नाहीच.

घरी आल्यावर तू तो कागद हातात घेतलास. इंग्रजी तुला येत नव्हतं. पण आकडे येत होते. बसचे नंबर लांबून ओळखायचीस तू. किती वेळ बघत होतीस त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्याकडे. मग घडी घालून पप्पांना दिलास आणि मला विचारलंस, जेवलास का. आई, तू तारीख वाचली होतीस का? मला दुसरं काही विचारायचं नाही. वाचली असशील तर त्यानंतरचे पाच महिने तू मला भरवलंस कसं, आणि नसशील वाचली तर मग तुला काहीच न कळता तू गेलीस. दोन्हीपैकी कुठलं मागू?

त्या हॉलमध्ये लाकूड विझत आलं. बाईने पुन्हा कोपर मारलं, काय म्हणता तो आता? खाली ओळ आली, गेली, मी वाचलीच नाही. माझ्या तोंडून निघालं, "तो म्हणतोय, कागद माझ्याकडेच होता." बाईने डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "खंयचो कागद? त्येच्या फुड्यात तर लाकूड आसा." मी उठलो, तिच्या पायांवरून ओलांडून बाहेर आलो. जन्मात पहिल्यांदा ते मोठ्याने बोललो आणि कुणाला, तर चष्मा विसरलेल्या बाईला.

पप्पा दरवर्षी तू गेलीस त्या तारखेला, तुझ्या पुण्यानुमोदनाला, सगळ्यांसमोर हॉस्पिटलला शिव्या देतात. नातेवाईक माना डोलावतात. त्यांना कुणावर तरी चिडायला लागतं आणि मी त्यांना चुकीचं माणूस दिलंय. म्हणून मी त्या दिवशी कधी नसतो. कधी पुण्यात, कधी गोव्यात, कधी नुसता स्टँडवर. लोक म्हणतात पोराचे पाय एका जागी ठरत नाहीत. उद्या तुझा दिवस आहे. उद्याही जाणार नव्हतो.

हे मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ता नाही, आणि तुझ्या हिशोबाने मेलेलं माणूस वाचत नसतं. तेही बरोबरच. एक कबूल करतो. तुला सांगायला मला नऊ वर्षं लागली, पण तुला सांगणं सोपंच होतं. तू उलट बोलणार नव्हतीस.

खाली कुणीतरी माझं नाव विचारतंय. गॅलरीतून बघितलं तर पप्पा. इथला पत्ता मी त्यांना कधी दिला नव्हता, कुणीतरी सांगितला असणार, आणि गुडघ्यांमुळे ते विहाराच्या पुढे जात नाहीत. पानवाला त्यांना जिना दाखवतोय. मी हाक मारली नाही. आता पावलं ऐकू येतायत, एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी.