मयूराचा नर्सिंगचा अर्ज, माझ्या देखरेखीखाली

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कार्याची नोंद कार्य चालू असतानाच व्हावी. नंतर श्रेयाला वाटेकरी फार होतात.

कार्य असं: माझी बायको मयूरा नर्स होणार. अकरा वर्षं ती इथे परदेशात एजेड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात आहे. म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते, त्यांची कूस बदलते. पण जखमेची पट्टी बदलायची तर नर्सची वाट बघावी लागते. साताऱ्याची बी.एस्सी. आहे म्हणून दोन वर्षांच्या कोर्सला बसता येतं. जागा चाळीस, अर्ज सहाशेच्या घरात. मयूरा म्हणाली, एक्केचाळीस संपेल आता, या वर्षी नाही तर नाहीच. मी म्हणालो, अर्जाची जबाबदारी माझी. म्हणाली, अरे विक्रांत, फॉर्म आहे फक्त.

फक्त! ज्या माणसाने आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वाची ढाल तीन वर्षं दुसऱ्या कॉलेजात जाऊ दिली नाही, त्याला सांगते फक्त.

अकाउंट तिच्या ईमेलने उघडलं. पासवर्ड माझ्याकडे.

१७ ऑगस्ट, रविवार
पर्सनल स्टेटमेंट. मर्यादा पाचशे शब्द. मयूराने स्वतःच काहीतरी लिहून ठेवलं होतं. आशय असा: डोरोथी नावाची आजी बेल वाजवत नाही, कारण मला कामं असतील असं तिला वाटतं. म्हणून मी बेल वाजायच्या आधी जाते. कोणाला कधी काय लागेल हे मला आता कळतं. ते का लागतं हे शिकायचं आहे.

संपलं. एवढंच. यात विचार कुठे आहे? आवेश कुठे आहे? मी प्रेमाने समजावलं. म्हणाली, पण खरं आहे ते. मी म्हणालो, खरं असणं ही सुरुवात झाली.

माझा मसुदा सुरू. मानवजातीच्या पहिल्या जखमेपासून घेतलं आहे. रात्रीपर्यंत तेवीसशे शब्द. मयूरा अजून यायची आहे त्यात.

९ सप्टेंबर, मंगळवार
साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. पितृपंधरवडा लागलाय, काही भरू नका. मी बुद्धिवादी माणूस. वीस मिनिटं बोललो. मुहूर्त ही दुबळ्या मनाची कुबडी कशी, सगळं मांडलं. शांतपणे ऐकून म्हणाल्या, बरोबर आहे जावईबापू, पण भरू नका.

भरलेला नाही. कारण पंधरवडा नव्हे. कारण मसुदा. हे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

मसुदा आता एकोणीसशे शब्द. कापताना रक्त निघतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझं भाषण: ‘मुहूर्ताच्या बेड्या’. पंधरा मिनिटं दिली होती. मी पन्नास घेतली, सभा भारलेली होती. सेक्रेटरी शंतनूने चिठ्ठी पाठवली, ‘पुऱ्या थंड होतायत’. विचारांची हीच शोकांतिका आहे.

आज अर्ज पाठवायचा बेत होता (दसरा म्हणून नव्हे, सोय म्हणून). घरी यायला उशीर झाला. गाडीत मयूराने विचारलं, भरलास का? मी म्हणालो, अजून आठवडा आहे, बाण एकदाच सुटतो. म्हणाली, मी भरू का? मी म्हणालो, विश्वास नाही का माझ्यावर? म्हणाली, बरं. मागच्या सीटवरून स्पृहा म्हणाली, “मम, जस्ट डू इट युअरसेल्फ.” तेरा वर्षांची आहे. या देशात मुलांना टीमवर्क शिकवत नाहीत.

५ ऑक्टोबर, रविवार
इथे आता उन्हाळा लागणार, म्हणून आज पहाटे सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे. उन्हाळी वेळ. गोदामातल्या दोनशे माणसांचं रोस्टर मी लावतो, त्यामुळे मी सावध. तिघे तासभर उशिरा आले. म्हणाले, सॉरी मेट, क्लॉक्स. मी त्यांना उभं करून बोललो: ज्याला काळाचं भान नाही त्याच्यावर कोणी विसंबू नये. अर्धा तास बोललो. शिफ्ट एकूण दीड तास मागे गेली, पण धडा मिळाला.

मसुदा सहाशे चाळीस शब्द. मयूरा आता शेवटच्या ओळीत आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११.३०
आज संध्याकाळी पाचला मुदत संपते. मी रजा घेतली आहे. मयूरा कामावर. जाताना म्हणाली, माझं नाव तरी नीट टाक.

सासूबाईंचा फोन. आज अभिजित मुहूर्त आहे, साताऱ्याच्या बाराच्या ठोक्याला. मी हसलो. मग वाटलं, म्हातारीच्या समाधानासाठी एक बटण अमुक वाजता दाबलं तर बुद्धिवादाचं काय बिघडतं? ही अंधश्रद्धा नाही, ही सासू-जावयाच्या पलीकडची माणुसकी आहे. हिशेब केला: भारत साडेचार तास मागे. तिथले बारा म्हणजे आपले साडेचार. मुदतीआधी अर्धा तास हातात. नियोजन म्हणतात ते हे. ठरलं: त्या बरोबर बाराला व्हिडिओ कॉल करतील, ‘दाब’ म्हणतील, मी दाबीन.

दुपारी ३.४०
मसुदा बरोबर पाचशे शब्द. मयूराला काढावं लागलं, पण तिचं नाव फॉर्मवर आहेच. लॅपटॉप पाटावर ठेवला. कुंकवाचं बोट. अक्षता. एक तांदूळ एंटरच्या बटणाखाली गेला. टाचणीने काढला. मन शांत.

४.३०
फोन नाही. सासूबाई कधी नव्हे ते उशिरा.

४.४५
फोन नाही. साताऱ्याचं नेटवर्क. यावर एकदा लिहायला हवं.

४.५५
मीच केला. उचलला नाही. देवासमोर बसल्या असणार. दाबावं का? पण शब्द दिलाय. ज्याने शब्द पाळला नाही त्याने भाषण करू नये.

५.३०
फोन आला. ठोक्याला. मागे घंटा वाजत होती. म्हणाल्या, दाब! मी दाबलं. स्क्रीनवर आलं: अर्ज स्वीकारणे बंद झाले आहे.

मी म्हणालो, आई, एक तास उशीर झाला तुम्हाला. म्हणाल्या, हे काय, बाराच वाजतायत की. भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. बाराच वाजत होते.

उन्हाळी वेळ. साडेचारचे साडेपाच झाले. रविवारीच.

६.१५
मयूरा आली. विचारलं, झालं का? मी म्हणालो, बटण दाबलं. हे शंभर टक्के सत्य आहे. तिने पाटावरचं कुंकू पाहिलं आणि मला घट्ट मिठी मारली. तिच्या युनिफॉर्मला डेटॉलचा वास येत होता.

११ ऑक्टोबर, शनिवार
सांगणार होतो. पण आधी उपाय मग कबुली, असा क्रम हवा. युनिव्हर्सिटीला पत्र लिहिलं, चार पानी. काळ ही संकल्पनाच साम्राज्यवादी कशी, इथून सुरुवात.

मयूरा सकाळपासून फोन बघत होती. थकली असणार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
उत्तर आलं, दोन ओळी. या टप्प्यावर उशिराचे अर्ज घेता येणार नाहीत. ‘या टप्प्यावर’! म्हणजे पुढच्या टप्प्यावर? दार किलकिलं आहे. भाषा कळणाऱ्यालाच ते दिसतं.

संध्याकाळी मयूराने चहा टाकला, समोर बसली, म्हणाली, काही सांगायचंय का तुला? मी म्हणालो, आलं कमी पडलंय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
मंडळाचा दिवाळी स्नेहमेळावा. माइक समोर आला की मी माझा राहत नाही. म्हणालो, आज आपल्यात बसल्या आहेत उद्याच्या सिस्टर मयूरा! टाळ्या. शंतनू ओरडला, पार्टी कधी? पेंडल हिल स्टेशनसमोरच्या दुकानवाल्या काकींनी तिथेच पेढ्यांची ऑर्डर लिहून घेतली. मयूरा ताटाकडे बघत होती. भारावली असणार.

घरी येताना फक्त म्हणाली, तू आज छान बोललास. तिने हे गेल्या नऊ वर्षांत म्हटलेलं नाही. का कोण जाणे, झोप लागली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ॲडमिशन ऑफिसला फोन. सत्तेचाळीस मिनिटं होल्डवर. दर दोन मिनिटांनी एक बाई सांगे, तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे. अखेर लाइनवर एक मुलगी आली. मी प्रास्ताविक करत होतो, तेवढ्यात म्हणाली, नो वरीज, पुढच्या वर्षी भरा. मी म्हणालो, पुढच्या वर्षी ती बेचाळीस पूर्ण करेल. ती म्हणाली, हॅपी बर्थडे टू हर.

वेबसाइटवरच्या चॅटबॉटलाही सगळी हकीगत सांगितली. त्याने विचारलं, यातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? मी ‘नाही’ दाबलं. पुन्हा पहिल्यापासून विचारू लागला. आजवरचा माझा सर्वांत सहनशील श्रोता.

सासूबाई रोज विचारतात, निकाल कधी? मुहूर्त वाया जायचा नाही म्हणतात. सगळे एका निकालाची वाट बघताहेत. मीही बघतोय. आश्चर्य म्हणजे खरोखर बघतोय. दिवसातून दहादा ईमेल उघडतो. जो अर्ज गेलाच नाही त्याचं उत्तर येऊ शकतं असं कधीकधी अगदी मनापासून वाटतं.

३० नोव्हेंबर, रविवार
कबुलीच्या भाषणाचा नववा मसुदा. सुरुवात जमते, शेवट जमत नाही.

मयूरा हल्ली ट्रेनमध्ये फोनवर टाइप करत असते. रील्स. परवा एक तास बेडरूमचं दार लावून इंग्रजीत बोलत होती. डोरोथी, बेल, असं काहीतरी ऐकू आलं. कामावरची मीटिंग असावी. काल विचारत होती, तिकडे पार उत्तरेला डार्विन शहरात पाऊस कधी थांबतो. एखाद्या आजोबांचा मुलगा असेल तिकडे.

१९ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळ
आज निकालाचा दिवस. आता पळवाट नाही. चौदावा मसुदा खिशात. मयूराला सोफ्यावर बसवलं, स्वतः उभा राहिलो. माणसाच्या आयुष्यात अपयशाचं स्थान काय, इथून घेतलं. तीन मिनिटांत ती म्हणाली, विक्रांत, ऑफर आली.

मी थांबलो. म्हणालो, कशी येईल? म्हणाली, डार्विनहून. तिथल्या युनिव्हर्सिटीची मुदत नोव्हेंबरपर्यंत होती. मी भरला. इंटरव्ह्यू झाला. फेब्रुवारीत कोर्स सुरू.

मग म्हणाली, अकरा ऑक्टोबरला सकाळीच ईमेल आला होता मला, अर्ज अपूर्ण राहिला आणि मुदत संपली. अकाउंट माझ्या ईमेलचं आहे ना रे.

दहा आठवडे! मी विचारलं, मग बोलली का नाहीस? मला राग यायला हवा होता असं वाटतं, पण आला नाही. ती म्हणाली, तू सांगशील म्हणून थांबले होते. रोज चहा टाकताना वाटायचं, आज सांगेल. भाऊबीजेला तू माइक घेतलास तेव्हा तर वाटलं, आता इथेच सांगणार सगळ्यांसमोर. म्हणून म्हटलं छान बोललास. कुणी एवढं खोटं एवढ्या खरेपणाने बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

स्पृहा फ्रिजपाशी ज्यूस पीत होती. म्हणाली, “डॅड, इव्हन आय न्यू.”

मी विचारलं, स्टेटमेंट कोणतं पाठवलंस? म्हणाली, माझंच. बेलवालं. इंटरव्ह्यूतल्या बाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि मग डोरोथीबद्दलच विचारत राहिल्या.

खिशातला मसुदा खिशातच.

२० डिसेंबर, शनिवार
निर्णय: आम्ही तिघेही डार्विनला जाणार. तिथे मंडळाची शाखा मी काढीन. वक्त्यांची वानवा असणार. मयूराला सांगितलं. म्हणाली, स्पृहाची शाळा आहे. आधी मी एकटी जाते. तुम्ही जुलैच्या सुट्टीत या. तिकिटं मी काढते.

मी म्हणालो, तिकिटं मी बघतो ना. म्हणाली, मी काढते.

२१ फेब्रुवारी, शनिवार
एअरपोर्ट. सासूबाई व्हिडिओवर. आज चांगला दिवस आहे म्हणाल्या. मयूरा म्हणाली, आई, विमान त्याच्या वेळेला सुटतं. मी दोन शब्द बोलायला घसा साफ केला. तिने हातावर दही दिलं. खरं तर मी तिला द्यायचं. तोंडात दही असताना बोलता येत नाही. तोवर ती सिक्युरिटीच्या आत गेली होती. मागे वळून हात हलवला. मीही हलवला, चिकट होता.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ
फ्रिजवर तिच्या अक्षरातला कागद सापडला. मोठ्या अक्षरांत, खाली दोनदा रेघ:

‘डार्विन आपल्यापेक्षा दीड तास मागे. एप्रिलमध्ये घड्याळं बदलली की अर्धा तास. नीट मोजून फोन कर.’

नीट मोजलं. कागदावर, मग फोनवर, मग स्पृहाकडून तपासून घेतलं. तिकडे सात म्हणजे इकडे साडेआठ. साडेआठला करणार. काय बोलायचं ते लिहून काढलं आहे: सॉरी. एक शब्द. मर्यादेच्या आत.

८.०५
तिचाच फोन आला. माझी बेल वाजायच्या आधीच. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या असतील तर गॅस बंद कर म्हणाली. झाल्या होत्या.