पालकांच्या विनंतीवरून

१७ नोव्हेंबर २००३, सोमवार

रक्षितानं आज भर वर्गात आकाराम सरांची छडी धरली! दहावी अ, गणिताचा तास. प्रेरणाचा उजवा हात भाकरी करताना भाजलाय, म्हणून गृहपाठ नाही. सर म्हणाले, डावा पुढं कर. शेजारची रक्षिता उठली आणि छडी वरच्या वर धरली. सोडेचना. पोरं हसली. वीस वर्षं शिकवणारा माणूस — त्यांना ते हसणंच जास्त लागलं.

माझ्यासमोर आणली तर रडली नाही. "मी मारलं न्हाय, बाई. नुसती धरली."

तिचं चुकलंच. पण छडी वर्गात आली कशी? शासनाचं परिपत्रक माझ्याच कपाटात आहे. मारायचं नाही. आणि पोराला शाळेतून काढायचं तर आधी पालकांना लेखी कळवा, त्यांचं ऐका, मग जिल्ह्याची मंजुरी घ्या. जूनमध्ये मुख्याध्यापक झाले तेव्हा वाचलं आणि फाइलला लावलं. शाब्बास बाई!

१८ नोव्हेंबर

संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव सकाळीच हजर. दाखला हातात द्या आणि विषय संपवा, म्हणाले. आमचे क्लार्क शिवय्या लगेच तयार — अर्ज मी लिहितो, आईचा अंगठा घेऊ. 'घरगुती अडचणीमुळे दाखला मिळावा.' इथली ही रीतच आहे म्हणे.

ते गेल्यावर जनरल रजिस्टर काढलं. पाच वर्षांत असे चौदा दाखले. शेरा एकच — पालकांच्या विनंतीवरून. चौदाही अर्ज शिवय्यांच्या अक्षरात! म्हणजे आमच्या शाळेनं कुणालाच काढलेलं नाही. सगळे आपण होऊन गेलेत.

बोर्डाचे फॉर्म अठ्ठावीस तारखेपर्यंत. आत्ता दाखला दिला तर पोरीला कुणी घेणार नाही. वर्ष बुडणार, आणि एकदा बुडालं की ही परत शाळेत येत नाही. नाही देणार. काय व्हायचं ते होऊ दे.

२० नोव्हेंबर

रक्षिताची आई शांतव्वा आली. गुऱ्हाळावरून थेट, पदराला गुळाचा वास. खुर्चीत बसेना. "चार रट्टे द्या की बाई, पन दाखला नगं." मी सांगितलं, मारही नाही आणि दाखलाही नाही. मी थट्टा करतेय असंच वाटलं तिला. मग शिक्षा काय, म्हणाली.

नियम काय करू नये ते सांगतो, काय करावं ते आपणच शोधायचं. घरी येईपर्यंत ठरवलं — सरांना लेखी माफी, आणि महिनाभर मधल्या सुट्टीत आठवीच्या कच्च्या पोरींचं गणित घ्यायचं.

२१ नोव्हेंबर

सगळ्या शिक्षकांना बसवून परिपत्रक मोठ्यानं वाचलं. मग आता वर्गात टाळ घेऊन जायचं का, असं मागून कुणीतरी. हशा. आकाराम सर नंतर दारात येऊन म्हणाले, माझी मार खाल्लेली पोरं आजही भेटली की पाया पडतात. म्हटलं, खरं आहे सर. पण ज्यांनी माराच्या धाकानं शाळा सोडली, ती कशाला येतील पाया पडायला? सर तासाला निघून गेले. वाईट वाटलं. माणूस वाईट नाही.

२२ नोव्हेंबर

अध्यक्षांचा फोन. "बाई, तुमी अजून कायम न्हाईसा. ध्यानात हाय न्हवं?" आहे की!

२५ नोव्हेंबर

रीतसर लेखी नोटीस देऊन सगळ्यांचं ऐकलं. रक्षितानं माफी मागितली, मनापासून. सरांनी माफीचा कागद वाचला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बसू दे तिला बोर्डाला." आणि कागदावर सही केली. शांतव्वा रडायला लागली. मीसुद्धा!

२७ नोव्हेंबर

बोर्डाच्या फॉर्मांचा गठ्ठा तपासला. रक्षिताचा फॉर्म नाही. रजिस्टर उघडलं — वीस तारीख, पंधरावा दाखला, रक्षिताचा. पालकांच्या विनंतीवरून. अर्जावर शांतव्वाचा अंगठा. दाखल्यावर माझी सही.

माझीच! शिवय्या खाली बघत म्हणाले, गठ्ठ्यात होता, तुम्हीच केलीत. गुरुवारी पगारबिलांबरोबर तीसेक सह्या भराभर ओढल्या होत्या. एकही न वाचता. शांतव्वाला त्यांनी बाहेर गाठून सांगितलं होतं, हा माफीचा कागद. दाखला अजून त्यांच्याच खणात, फॉर्म जाईपर्यंत दाबून ठेवायचा असं अध्यक्षांनी बजावलेलं. आता घाबरून म्हणतात, पान बदलूया, कुणाला कळतंय.

कळणार नाही, हेही खरं. माझी नोकरी वाचेल, पोरीचं वर्षही वाचेल. पण मग त्या चौदांचं कोण विचारणार? त्यांच्या पानांची झेरॉक्स काढली. शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं — हा दाखला फसवून काढलाय, तो रद्द करा. सही माझी आहे, वाचली नव्हती, माझीही चौकशी करा.

२८ नोव्हेंबर

पहिल्या एसटीनं कोल्हापूर. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि दाखला रद्द केला. दुपारी तीनला रक्षिताचा फॉर्म बोर्डात स्वतः जमा केला. पावती घेतली.

२९ नोव्हेंबर

संस्थेनं मला निलंबित केलं. सोमवारपासून शाळेत पाऊल ठेवायचं नाही. चार्ज आकाराम सरांकडे दिला. त्यांना एवढंच म्हटलं, रक्षिताला मंगळवारपर्यंत खरं कारण सांगू नका — त्या दिवशी तिचा सराव परीक्षेतला गणिताचा पेपर आहे.