आधी घरचं वाक्य

बाई,

रविवार आहे, दुपारचे सव्वातीन. वाळ्याच्या ताटीवर दुसऱ्यांदा पाणी मारून मी पुन्हा जुन्या प्रश्नपत्रिकेपुढे बसलो आहे. उद्या खात्याची परीक्षा. फायली बांधणारा दप्तरी या परीक्षेने कारकून होतो, आणि मला ती शेवटचीच देता येणार. पुढल्या वर्षी वय आड येतं. बाकीचं सगळं सुटतं. दर वेळी अडतो तो एकाच प्रश्नावर: अर्थ न बदलता इंग्रजी वाक्य वेगळ्या शब्दांत लिहा, वाक्प्रचार वापरून. माझ्या स्पेलिंगात चूक नसते. तरी तिथे गुण मिळत नाहीत. थकलो आहे, बाई.

कामठीच्या विहाराचा व्हरांडा आठवतो. तुम्ही तुमची शाळा आटोपून नागपूरहून बसने येता, पदराने कपाळ पुसता, खडू घेण्याआधी पाणी मागता. समोर आम्ही सात-आठ जण, बहुतेक हातमागावरून उठून आलेले, केसांत कापसाची पिंज. तुमची रीत वेगळीच होती. फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहायचं, पण लगेच त्याला हात लावायचा नाही. आधी प्रत्येकाने ते घरी आईजवळ बोलेल तसं बोलायचं. मग तुम्ही फळा पुसायच्या, आणि आम्ही जे बोललो त्याचं इंग्रजी करायचं.

एकदा वाक्य होतं, साहेबांनी शिपायाची कानउघाडणी केली. माझ्या शेजारचा मागवाला उठला.

"बाई, हरेक वाक्यात शिपायालेच काहून बोलणी बसते जी? साहेब चुकतच नाही का?"

"बरं गा, मग तूच सांग."

"साहेबानं त्याले असा झाडला, का तो तोंडातलं पान चावाचंच विसरला."

तुम्ही हसता हसता त्याच्याबरोबर एकेक शब्द शोधत ते इंग्रजीत उभं केलंत. मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "अधिकाऱ्यांनी शिपायास त्याच्या प्रमादाबद्दल समज दिली."

"तुझी आई असं बोलते?"

मागून कोणीतरी म्हणालं, "त्याची माय रेडिओवर बातम्या देते, बाई!"

सगळे हसले, तुम्ही नाही. "घरच्या बोलण्याची लाज वाटते ना तुला? मग तुला पाठच करावं लागेल, आणि पाठ केलेलं फिरवता येत नाही रे."

खरं होतं. नववीपर्यंतच्या शाळेत मी 'मले' म्हटलं की वर्ग खिदळायचा. म्हणून मी ते जिभेवरून खरवडून काढलं होतं. त्या संध्याकाळी जाताना तुम्ही मला तुमचं वाक्प्रचारांचं पुस्तक दिलंत, पाठीवर कापडी पट्टी चिकटवलेलं, आणि बजावलंत, "पाठ करू नको हं." मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केलं. तुम्ही गेल्यावरही करत राहिलो.

आज प्रश्नपत्रिकेत वाक्य आलं: विद्यार्थ्याचं यश पाहण्याआधीच शिक्षिका वारल्या. मरणासाठी त्या पुस्तकात पाच वाक्प्रचार आहेत. पाचही आठवले, अक्षर न अक्षर. एकेक करून मांडून पाहिले. तुमच्यावर एकही बसेना. मग प्रश्नपत्रिका पालथी घातली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो, "माहं पास होनं पाहाले बाई राहिल्याच नाही."

आत आई भांडी घासत होती. "कोनासंग बोलून राहिला रे?"

"बाईसंग."

भांड्यांचा आवाज थांबला. "मंग च्या दोघाइचा मांडू?"

त्यानंतर इंग्रजी उतरलं. साधं, सात-आठ शब्दांचं. त्यात पुस्तकातला वाक्प्रचार एकही नाही; उद्या असंच लिहिलं तर परीक्षक काय म्हणतील सांगता येत नाही. बरोबर आहे का हे विचारायलाही तुम्ही नाही. पास व्हायचंय की हे नुसतं एकदाचं संपायला हवंय, तेही मला आता नीट कळत नाही. पण उद्या प्रत्येक वाक्य आधी मनात आईजवळ बोलणार आहे, एवढं ठरलंय. हा कागद घडी करून तुमच्या पुस्तकात ठेवतो; पुस्तक घरीच राहील.

आईने खरंच दोन कप आणून ठेवले. खोटं कशाला सांगू, दोन्ही मीच प्यालो.